जॉन डीकन का थांबला: एका बेसवादकाचं प्रकरण

17 जानेवारी 1997. पॅरिसच्या शायो नाट्यगृहात नृत्यदिग्दर्शक मॉरिस बेजारच्या बॅलेचा प्रयोग होता. क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड आणि मोझार्ट यांच्या संगीतावर बसवलेला हा बॅले क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आणि बेजारचा लाडका नर्तक होर्हे डॉन यांच्या आठवणीत केलेला. दोघेही एड्सने गेले होते. शेवटी एल्टन जॉन रंगमंचावर आला आणि 'द शो मस्ट गो ऑन' गायला. मागे क्वीनचे उरलेले तिघे होते: गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर आणि बेस गिटारवर जॉन डीकन. डीकन तेव्हा 45 वर्षांचा होता. त्यानंतर मे आणि टेलरबरोबर तो पुन्हा कधी मंचावर उभा राहिला नाही.

त्याच वर्षी फ्रेडीच्या आठवणीत ब्रायनने लिहिलेल्या 'नो-वन बट यू' या गाण्यात त्याने बेस वाजवला आणि तिथे रेकॉर्डिंगही संपलं. निरोपाची मैफल झाली नाही, पत्रकार परिषद झाली नाही. 2001 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये क्वीनचा समावेश झाला तेव्हाही तो गेला नाही.

क्वीनचे चाहते याबद्दल बोलताना दोनच उत्तरं देतात. 1991 मध्ये फ्रेडी गेला आणि त्याने तो खचला, हे एक. उरलेल्या दोघांशी त्याचं बिनसलं, हे दुसरं. पहिल्यात तथ्य आहे. दुसऱ्याला मला तरी भक्कम आधार सापडत नाही. पण दोन्ही उत्तरं 1991 पासून सुरू होतात आणि मला तिथेच चूक वाटते. डीकनचं प्रकरण वाचायचं तर 1971 पासून वाचायला हवं. हा माणूस बँडमध्ये कशासाठी आला, काय करत राहिला आणि काय करायचं त्याने टाळलं, हे नीट पाहिलं तर 1997 चा निर्णय मला तरी कोड्यासारखा वाटत नाही.

डीकनचा जन्म 19 ऑगस्ट 1951 चा, इंग्लंडमधल्या लेस्टरचा. वडील विमा कंपनीत होते. जॉन अकरा वर्षांचा असताना ते गेले. मुलाला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड होतं. तारा, टेपरेकॉर्डर, रेडिओवरची गाणी टेपवर उतरवून घेणं यात तो रमायचा. सकाळी घरोघरी पेपर टाकून त्याने गिटारचे पैसे उभे केले. चौदाव्या वर्षी 'द ऑपोझिशन' नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो आला तो साथीची गिटार वाजवायला. पुढे बँडने आपल्या बेसवाल्याला काढलं आणि ती रिकामी जागा यानेच भरली. त्याच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा दिसतं. जागा रिकामी असते, कुणीतरी तिथे उभं राहायला हवं असतं आणि हा गाजावाजा न करता उभा राहतो.

1969 मध्ये तो इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लंडनच्या चेल्सी कॉलेजमध्ये आला. ऑक्टोबर 1970 मध्ये त्याने क्वीनला एका कॉलेजच्या कार्यक्रमात ऐकलं. अंधूक उजेड, काळ्या कपड्यांतली चार माणसं, आणि मनावर फारसा ठसा काही उमटला नाही, असं त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितलंय. काही महिन्यांनी एका डिस्कोत मे आणि टेलरशी ओळख झाली. त्यांना बेसवाला हवा होता. जेमतेम वर्षभरात तीन बेसवादक येऊन गेले होते. इंपिरियल कॉलेजच्या एका वर्गात चाचणी झाली आणि 1971 च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांचा डीकन बँडमध्ये आला.

त्याला का घेतलं, हे बाकीच्यांनी वेळोवेळी सांगितलंय. वाजवायचा चांगला, उपकरणं दुरुस्त करता यायची, आणि तो शांत होता. हे तिसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. फ्रेडी, ब्रायन, रॉजर ही तिन्ही माणसं मत ठासून मांडणारी. स्टुडिओत तासन्‌तास वाद घालणारी. अशा घरात चौथाही तसाच आला असता तर क्वीन 1973 सालचा पहिला अल्बम काढेपर्यंत तरी टिकलं असतं का, शंकाच आहे. त्या पहिल्या अल्बमवर त्याचं नाव 'डीकन जॉन' असं उलटं छापलं गेलं. पुढच्या अल्बमपासून ते सरळ झालं.

आता त्या दुरुस्तीच्या कौशल्याविषयी, कारण ते निव्वळ कौशल्य नव्हतं. 1972 च्या आसपास डीकनला लंडनच्या रस्त्यावर राडारोड्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. बहुधा एखाद्या छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओतून निघालेला, जर्मेनियम ट्रान्झिस्टर असलेला. त्याने तो घरी आणला, पुस्तकांच्या फळीवर ठेवायच्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवला आणि एक इवलासा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. आवाज कमीजास्त करायचं बटण नाही, सूर बदलायचं बटण नाही. ब्रायनने आपली गिटार त्याला जोडून पाहिली आणि त्यातून जो आवाज आला तो गिटारचा वाटेना. कधी व्हायोलिनसारखा, कधी सनईच्या जातीच्या वाद्यासारखा. 'गुड कंपनी' या 1975 च्या गाण्यात जुन्या जॅझ बँडमधली क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्राँबोन ऐकू येतात. ती सगळी गिटार आहे, याच खोक्यातून काढलेली. 'डीकी अँप' या नावाने तो पुढे जगभरच्या गिटारवाल्यांत प्रसिद्ध झाला आणि अनेक वर्षांनी तज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करून हुबेहूब प्रती बनवून विकायला काढल्या. ज्या आवाजाला लोक ब्रायन मेचा आवाज म्हणून ओळखतात, त्याचा एक मोठा तुकडा डीकनने कचऱ्यातून उचलून आणलेला आहे. त्याने त्यावर कधी हक्क सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुसरी जबाबदारी पैशांची. नोव्हेंबर 1972 मध्ये बँडने ट्रायडेंट या कंपनीशी करार केला होता. 1974 च्या अखेरीस 'किलर क्वीन' हे त्यांचं गाणं गाजत होतं आणि चौघांना आठवड्याला 60 पौंड मिळत होते. जानेवारी 1975 मध्ये डीकनचं वेरॉनिकाशी लग्न झालं, मूल होणार होतं. घरासाठी अनामत भरायला त्याने 4,000 पौंडांची उचल मागितली आणि ती नाकारली गेली. त्या वर्षी क्वीन त्या करारातून बाहेर पडलं, पण फुकट नाही: 1,00,000 पौंड आणि पुढच्या सहा अल्बमवर 1 टक्का देऊन. तेव्हापासून बँडच्या हिशेबावर डीकनची नजर राहिली. मैफलींतून किती आलं, किती गेलं, करारात काय लिहिलंय, हे पाहणारा चौघांतला माणूस तो. घरचा हिशेब ठेवणारं माणूस सणाच्या फोटोत एका कडेला उभं असतं, तसं त्याचं होतं.

गाणी मात्र तो हळूहळू लिहायला लागला. 1974 मध्ये 'मिसफायर' हे छोटंसं गाणं आलं. पुढच्याच वर्षी बायकोसाठी लिहिलेलं 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'. त्यासाठी तो इलेक्ट्रिक पियानो शिकला आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यानेच वाजवला, कारण फ्रेडीला ते वाद्य अजिबात आवडत नव्हतं. ज्या अल्बममध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आहे, त्याच अल्बममध्ये हे तीन मिनिटांचं साधं प्रेमगाणं आहे आणि इंग्लंडमध्ये ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. 24 वर्षांचा, संसार नुकताच मांडलेला माणूस. त्याच्याकडे सांगायला जे होतं तेच त्याने सांगितलं.

आणि मग 1980.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण डीकनचं सगळं प्रकरण मला या एका गाण्यात दिसतं. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत रेकॉर्ड झालं, निर्माता राइनहोल्ड माक. डीकनला लहानपणापासून अमेरिकन कृष्णवर्णीयांचं सोल संगीत आवडायचं. 1979 मध्ये शीक या बँडचं 'गुड टाइम्स' आलं होतं. त्यातली बेसची ओळ 'अनदर वन'शी मिळतीजुळती होती. बेसवर बर्नार्ड एडवर्ड्स होता आणि डीकनने शीकबरोबर स्टुडिओत वेळ घालवला होता, हे एडवर्ड्सनेच सांगितलं. नंतर काही पत्रकारांनी शीकनेच क्वीनची नक्कल केली असं लिहिलं, आणि 'गुड टाइम्स' तर वर्षभर आधीचं होतं! एडवर्ड्सला याचं वाईट वाटलं आणि ते वाटणं रास्त होतं. डीकनच्या कौतुकात ही उधारी विसरून चालणार नाही.

आता 'अनदर वन'मधली बेसची ती ओळ. चार तारांच्या बेसवरची सर्वांत जाड तार, सुटी, कुठेही न दाबता. तिच्यावर तीन ठोके. मग काहीच नाही. मग पुन्हा तोच स्वर, आता थोडा घाईत, आणि शेवटी दोन पायऱ्या वर चढून थांबणं. झालं. एवढंच गाणंभर फिरत राहतं.

मी कॉलेजात असताना पुण्यातल्या एका हौशी बँडमध्ये बेस वाजवायचो आणि ही ओळ मला एका संध्याकाळी 'येते' असं वाटलं होतं. स्वर तेच, ताल तोच, पण गाणं काही उभं राहीना. चूक कुठे आहे ते कळायला महिना गेला. सुटी तार छेडली की ती घुमत राहते. तिसऱ्या ठोक्यानंतर डाव्या हाताची बोटं तारेवर अलगद टेकवून ती मुकी करावी लागते, नेमक्या क्षणी. थोडा उशीर झाला की ती मोकळी जागा गुंजनाने भरून जाते आणि ओळ मेणासारखी वितळते. या ओळीचा अर्धा जीव त्या मोकळ्या जागेत आहे. आपल्याकडे तबला ऐकताना सगळ्यांचे कान चाटेच्या बोलांकडे असतात. डग्गा कधी घुमवला आणि कधी तळव्याने दाबून धरला, हे फक्त जाणकार ऐकतो. तेच इथे आहे.

रेकॉर्डिंगमध्ये बेस, पियानो, साथीची गिटार, टाळ्या हे बहुतेक सगळं डीकननेच वाजवलं. पियानोचे स्वर टेप उलटी फिरवून घातले. रॉजरने ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबून कोरडा आवाज काढला आणि त्याचा एक तुकडा टेपवर फिरता ठेवला. रॉजरला हे सगळं फारसं पटलेलं नव्हतं, हे स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून काढायच्या तर तो विरोधात होता. फ्रेडी मात्र गाण्याच्या प्रेमात होता. घसा फुटेपर्यंत तो हे गायला. पुढे लॉस एंजेलिसच्या मैफलींत मायकल जॅक्सन पडद्यामागे भेटायला आला आणि हे गाणं वेगळं काढाच, असं त्याने आग्रहाने सांगितलं. ऑक्टोबर 1980 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. सोल संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर. क्वीनचं जगात सर्वाधिक खपलेलं स्वतंत्र रेकॉर्ड बहुतेक ठिकाणी हेच मानलं जातं.

पुढच्या वर्षी माँट्रोमध्ये डेव्हिड बोवीबरोबर 'अंडर प्रेशर' झालं. त्यातली बेसची ओळ डीकनची, असं त्याचे साथीदार सांगतात. तालमीत ती बसली, सगळे जेवायला गेले, परत आल्यावर डीकन ती साफ विसरला होता आणि रॉजरने ती आठवून दिली, ही रॉजरची आठवण. 1984 मध्ये 'आय वाँट टु ब्रेक फ्री' आलं. तेही डीकनचंच.

इथपर्यंत आलं की प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. एवढी मोठी गाणी लिहिणारा माणूस पुढे का आला नाही? गायला का नाही? त्याचं कारण त्याने साधंच ठेवलं होतं: आपल्याला गाता येत नाही, असं तो म्हणायचा. म्हणजे डीकनच्या डोक्यातलं गाणं जगापर्यंत पोहोचायचं तर एकच रस्ता होता, आणि तो फ्रेडीच्या गळ्यातून जायचा. ब्रायन आणि रॉजर आपापली गाणी स्वतः गाऊ शकत होते, स्वतःचे अल्बम काढत होते. डीकनला तो रस्ता नव्हता. डीकन आणि फ्रेडी या दोघांनी मिळून लिहिलेली गाणीही आहेत: 'कूल कॅट', 'फ्रेंड्स विल बी फ्रेंड्स', 'पेन इज सो क्लोज टु प्लेझर'. झांझिबारमध्ये जन्मलेला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढलेला आणि तिथे 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बुलसारा, म्हणजेच फ्रेडी, आणि लेस्टरचा हा पेपर टाकणारा मुलगा. एक हजारोंच्या गर्दीला एका हाताच्या इशाऱ्यावर गायला लावणारा, दुसरा त्याच्यामागे ड्रमच्या बाजूला पाय हलवत उभा. आपल्या मराठी माणसांना फ्रेडीचं पाचगणी आठवतं, ते आठवायलाच हवं. पण त्या गळ्याला खालून आधार कोण देत होतं, तेही आठवावं, एवढंच माझं म्हणणं.

9 ऑगस्ट 1986 ला नेबवर्थला क्वीनची फ्रेडीसह शेवटची मैफल झाली, सव्वा लाखाच्या घरात लोक होते. 24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी गेला. एप्रिल 1992 मध्ये वेंब्लीच्या श्रद्धांजली मैफलीत डीकन वाजवायला उभा होता. एकामागून एक मोठे गायक येत होते, फ्रेडीची गाणी गात होते आणि तो प्रत्येकाच्या मागे ठेका धरत होता. ते चित्रण मी किती वेळा पाहिलंय, सांगता येणार नाही. त्यानंतर फ्रेडीच्या मागे राहिलेल्या आवाजांवर 'मेड इन हेवन' हा अल्बम पुरा करायचं काम होतं. तेही त्याने केलं, 1995 मध्ये अल्बम आला. म्हणजे फ्रेडीचं जेवढं काम बाकी होतं, तेवढं संपेपर्यंत हा माणूस थांबला. खचून लगेच निघून गेला, ही समजूत इथे खोटी ठरते. 1996 मध्ये त्याने एका मासिकाला स्पष्ट सांगितलं: फ्रेडीची जागा दुसऱ्या कुणी घेणं अशक्य आहे, पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही. पॅरिसची रात्र त्यानंतरची आहे.

फ्रेडीचं जाणं जॉनला फार लागलं, हे ब्रायनने अनेकदा सांगितलंय आणि ते खरंच असणार. शोक होताच. पण त्या शोकात एक रोखठोक हिशेबही होता, जो पैशांचा नव्हता. ज्या गळ्यासाठी आपण लिहीत होतो तो गळा राहिला नाही. मग आपलं काम काय?

ब्रायन आणि रॉजरने पुढे जायचं ठरवलं, आणि त्यांनाही मी दोष देत नाही. त्यांच्यासाठी मंच हे जगणं आहे. 2004 पासून ते पॉल रॉजर्सबरोबर मंचावर आले, 2011 पासून अ‍ॅडम लँबर्टबरोबर. प्रत्येक वेळी नाव लिहिताना 'क्वीन' नंतर अधिकचं चिन्ह येतं आणि मग गायकाचं नाव. बेसवर कधी डॅनी मिरांडा होता, पुढे नील फेअरक्लो आला. पण क्वीनचा नवा बेसवादक म्हणून कुणाची नेमणूक झाली नाही. गायकाची जागा रिकामी ठेवल्याची चर्चा सगळे करतात. बेसची जागाही तशीच रिकामी ठेवलेली आहे, हे फार कमी लोक बोलतात.

डीकनने या सगळ्याला आडकाठी केली नाही. तो भागीदार राहिला, संमती देत राहिला, लंडनमध्ये बायको आणि सहा मुलांच्या संसारात राहिला. 2001 मध्ये 'वी आर द चँपियन्स' दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेतलं तेव्हा मात्र आपल्याला ते आवडलं नाही आणि आपण त्यात नव्हतो हे बरंच झालं, एवढं तो बोलला. पुढे तेही नाही. ब्रायन मधूनमधून सांगतो की जॉनशी थेट बोलणं होत नाही, पण व्यवहाराच्या गोष्टी त्याच्यापर्यंत जातात आणि तो त्यावर लक्ष ठेवून असतो. 1975 मध्ये हातात घेतलेली वही त्याने खाली ठेवलेली नाही.

त्याच्या घराबाहेर उभं राहून लपूनछपून काढलेले त्याचे फोटो अधूनमधून फिरत असतात. म्हातारा, सिगारेट ओढणारा, साध्या कोटातला माणूस. खाली लोक हळहळतात, बिचारा म्हणतात. मला त्याची कीव येत नाही आणि हे फोटो कुणी पुढे पाठवू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्याने आपला निर्णय शुद्धीत घेतला, आपलं काम पुरं करून घेतला, आणि कुणाच्या वाटेत न येता तो इतकी वर्षं पाळला.

ब्रायन आणि रॉजरच्या या मैफलींत एक क्षण येतो. दिवे मंद होतात, नील फेअरक्लो सर्वांत जाड तारेवर तीन ठोके मारतो आणि डाव्या हाताने ती मुकी करतो. कुणी गायला सुरुवात केलेली नसते, गिटार वाजलेली नसते. त्या मोकळ्या जागेतच लोक ओरडतात.